साखरेऐवजी काय, आणि पोटातल्या विरजणाचं काय?



गेल्या हिवाळ्यात खानापूरला माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. आमच्या घरातल्या ज्येष्ठांपैकी निम्म्यांना मधुमेह आहे. त्यांचंही तोंड गोड व्हावं म्हणून मी बेळगावहून बिनसाखरेच्या बर्फीचे दोन डबे नेले. ‘साखर नाही ना यात? मग आण अजून दोन,’ असं म्हणत बाबांनी, मामांनी आणि आत्याने डबे संपवले. संध्याकाळी पाचच्या सुमारास एकेकाच्या पोटात गुडगुड सुरू झाली. पुढचं सांगत नाही. मामांच्या घरात संडास एकच आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, ‘शिळी होती गं तुझी बर्फी.’ मलाही तसंच वाटलं. घरी येऊन डबा उलटा करून पाहिला. बर्फी ताजी होती. पण खालच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘माल्टिटॉल’ असं लिहिलं होतं, आणि त्याखाली त्याहून बारीक अक्षरांत, पॉलिओल्समुळे जुलाब होऊ शकतात अशी सूचना होती. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माल्टिटॉल हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. डबा घेताना मात्र तो उलटा करून पाहायचं मला सुचलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात बाबांच्या मोबाइलवर एक निरोप फिरत आला: ‘साखरेऐवजीच्या गोळ्या पोटातले चांगले जंतू मारतात.’ बाबांनी दोन आणि दोन चार केले, चहातल्या गोळ्यांची डबी कचऱ्यात टाकली आणि पुन्हा दोन चमचे साखर सुरू केली. दिवसातून चार वेळा. ‘साखर निदान पोटात काही मारत तरी नाही,’ असं त्यांचं म्हणणं. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ७.१ वरून ८.२ वर गेला होता.

मी त्यांना ताबडतोब ‘तो निरोप खोटा आहे’ असं सांगू शकले नाही, कारण तो पुरता खोटा नव्हता. ‘खरा आहे’ असंही म्हणता येईना. मधलं उत्तर शोधायला मला काही आठवडे लागले. मंडळाच्या गुरुवारच्या बैठकीत हे सांगितल्यावर संपादकांनी ‘मॅडम, हेच लिहून द्या’ म्हणून गळ घातली, म्हणून हा लेख.

जंतू, जिवाणू आणि विरजण

आधी शब्दाचं पाहू, कारण अर्धा घोळ तिथे आहे. ‘जंतू’ म्हटलं की आपल्याला रोग आठवतो, फिनेल आठवतं. ‘जिवाणू’ म्हटलं की पाठ्यपुस्तक आठवतं. पण आपल्या स्वयंपाकघरात जिवाणूंसाठी एक फार चांगला शब्द शेकडो वर्षं आहे: विरजण. विरजण म्हणजे काय, तर आपल्या कामाचे, जिवंत, ओळखीचे जिवाणू. कोमट दुधात चमचाभर घातले की ते दुधातली साखर खातात, आम्ल तयार करतात आणि सकाळी दही लागतं.

आपल्या मोठ्या आतड्यात असंच, पण कितीतरी मोठं विरजण आहे. साधारण ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज २०१६ साली मांडला गेला. त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरीच. या सगळ्या जिवाणूंचं वजन मात्र सुमारे २०० ग्रॅम, पावशेरापेक्षाही कमी.

ते तिथे काय करतात? आपण खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीतले, मटकीतले, भाजीतले तंतू आपल्याला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यापर्यंत तसेच जातात आणि हे जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन. काही आम्लं रक्तातून यकृताकडे जातात आणि भूक, साखर, चरबी यांच्या कारभारात भाग घेतात. म्हणून ‘पोटातले जिवाणू आणि रक्तातली साखर यांचा काय संबंध?’ असं कुणी विचारलं तर उत्तर आहे: बराच.

जिवाणूंच्या पुढ्यात रोज जे येतं, त्यावर कोण वाढणार आणि कोण मागे पडणार ते ठरतं. म्हणून साखरेऐवजी आपण जे खातो ते या विरजणापर्यंत पोचतं का, हा पहिला प्रश्न.

कोणता गोडवा कुठवर पोचतो

‘शुगर फ्री’ या दोन शब्दांखाली आपण सगळे पदार्थ एका पिशवीत कोंबतो. प्रत्यक्षात ते एकमेकांचे नातेवाईकही नाहीत. प्रत्येकाचा पोटातला प्रवास वेगळा आहे.

सॅकरिन हे सगळ्यांत जुनं. १८७९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे कॉन्स्टँटिन फालबर्ग जेवायला बसले आणि त्यांना हाताची चव गोड लागली. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर ते काम करत होते. सॅकरिन साखरेच्या तीनशे ते चारशे पट गोड. ते बहुतेक सगळं वरच्या आतड्यातच रक्तात शोषलं जातं आणि लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. थोडासा भाग मोठ्या आतड्यात उतरतो.

अस्पार्टेम १९६५ साली जेम्स श्लॅटर यांना सापडलं, तेही कागद उचलताना बोट चाटल्यामुळे. ते साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड. लहान आतड्यातच त्याचे तुकडे होतात: दोन अमिनो आम्लं आणि अगदी थोडं मिथेनॉल. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना ते अख्खं असं भेटतच नाही. त्यातल्या फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लामुळे फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी ते टाळायचं असतं, म्हणून पाकिटावर तशी सूचना असते.

सुक्रालोजची गोष्ट आपल्याला जवळची. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे संशोधक प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याबरोबर साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवण्याचे प्रयोग करत होते. फडणीसांना एक पदार्थ ‘टेस्ट’ करायला सांगितलं, म्हणजे तपासायला. त्यांना ऐकू आलं ‘टेस्ट’, म्हणजे चाखायला. आणि त्यांनी चाखला. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे लिहितात. मराठीत लिहिले की फरकच उरत नाही, त्यामुळे फडणीसांना दोष देणं आपल्याला अवघडच. सुक्रालोज साखरेच्या सहाशे पट गोड. त्याचा बहुतेक भाग आपल्या अंगात शोषलाच जात नाही. तो मोठ्या आतड्यातून, जिवाणूंच्या गर्दीतून वाट काढत बाहेर जातो.

स्टीव्हिया हे मूळचं पॅराग्वेकडचं झुडूप. तिथले ग्वारानी लोक त्याची पानं पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. यातले गोड रेणू आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणूच त्यांना लागलेली साखरेची टोकं तोडतात, मग उरलेला भाग शोषला जातो, यकृतात जातो आणि लघवीतून निघून जातो. म्हणजे स्टीव्हिया पचवायला आपल्याला जिवाणूंची मदत लागतेच. ‘नैसर्गिक आहे, त्यामुळे पोटात काही करत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि शेवटी आमच्या बर्फीतलं माल्टिटॉल. सॉर्बिटॉल, झायलिटॉल हे त्याचे भाऊबंद. यांना पॉलिओल म्हणतात. वर सांगितलेल्या पदार्थांसारखे हे शेकडो पट गोड नसतात. साखरेइतके किंवा त्याहून कमी गोड असतात, म्हणून मिठाईत ते ग्रॅमांनी घालावे लागतात. लहान आतड्यात ते अर्धवटच शोषले जातात. उरलेले आतड्यात पाणी ओढून धरतात, आणि मोठ्या आतड्यात पोचले की जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. आंबवणं सुरू होतं, वायू तयार होतो. खानापूरची ती संध्याकाळ म्हणजे जिवाणू मरत असल्याचा नव्हे, तर त्यांना अचानक मेजवानी मिळाल्याचा पुरावा होता. एखादा तुकडा खाल्ला असता तर बहुतेकांना काही झालं नसतं.

बाबांच्या चहातल्या गोळीत सुक्रालोज होतं. बर्फीत माल्टिटॉल. दोघांवर ‘साखर नाही’ हे एकच लेबल, म्हणून बर्फीच्या गुन्ह्याची शिक्षा गोळीला झाली.

इस्राएलचे उंदीर आणि नवं दूध

मग गोळी निर्दोष आहे का? इथे त्या फिरत्या निरोपाचं मूळ सापडतं.

२०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या एरान एलिनाव आणि एरान सेगाल यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. त्यांनी उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात सॅकरिन, सुक्रालोज किंवा अस्पार्टेम असलेली बाजारातली पूड घातली. दुसऱ्या काही उंदरांना साधं पाणी, ग्लुकोजचं पाणी किंवा साखरेचं पाणी दिलं. अकरा आठवड्यांनी सगळ्यांची ग्लुकोज पचवण्याची क्षमता तपासली. साखरपर्याय पिणाऱ्या उंदरांची क्षमता घटली होती. सर्वांत ठळक परिणाम सॅकरिनचा होता.

एवढ्यावरून जिवाणूंवर आरोप करता येत नाही. कदाचित सॅकरिन थेट यकृतावर किंवा स्वादुपिंडावर काही करत असेल. म्हणून त्यांनी उंदरांना प्रतिजैविकं दिली आणि आतड्यातले जिवाणू साफ केले. फरक नाहीसा झाला. संशय जिवाणूंकडे वळला.

पण खरा पुरावा पुढच्या पायरीत आहे, आणि तो समजायला आपलं विरजण उपयोगी पडतं. समजा शेजारच्या काकूंचं दही आंबट ढाण लागतं आणि आपलं गोडसर. कारण दुधात आहे की विरजणात? हे ओळखायचा सोपा मार्ग असा: एकाच पातेल्यातलं दूध उकळून कोमट करायचं, दोन वाट्यांत ओतायचं, एकीत काकूंचं विरजण घालायचं, दुसरीत आपलं. सकाळी एक दही आंबट आणि एक गोडसर लागलं, तर कारण विरजणात आहे.

संशोधकांनी हेच केलं. जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, आतड्यात एकही जिवाणू नसलेले उंदीर घेतले. हे आपलं उकळलेलं दूध. काहींच्या पोटात सॅकरिन प्यायलेल्या उंदरांच्या विष्ठेतले जिवाणू सोडले, काहींच्या पोटात ग्लुकोज प्यायलेल्या उंदरांच्या. या नव्या उंदरांनी सॅकरिनचा थेंबही चाखला नव्हता. तरीही पहिल्या गटाची ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडली. बिघाड विरजणाबरोबर गेला होता.

मग त्यांनी माणसांकडे पाहिलं. एरवी सॅकरिन न घेणाऱ्या सात निरोगी स्वयंसेवकांनी एक आठवडा मान्य मर्यादेइतकं, म्हणजे भरपूर, सॅकरिन घेतलं. सातपैकी चौघांची साखर पचवण्याची क्षमता घटली. तिघांना काहीही झालं नाही.

वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांना चार जण पुरले. मला त्या तिघांचा प्रश्न पडला होता. तेच सॅकरिन, तेवढंच, तितकेच दिवस. मग तिघे कसे सुटले? संशोधकांना यांच्या आधीपासूनच्या जिवाणूंमध्येच फरक दिसला. चौघांचं विरजण मुळातच वेगळं होतं.

उलटे निकालही आले

विज्ञानात एका प्रयोगावर कुणी घर बांधत नाही. दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांवर तोच प्रश्न विचारावा लागतो.

२०२० साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ निरोगी तरुण माणसांना प्रत्येकी दोन आठवडे अस्पार्टेम आणि दोन आठवडे सुक्रालोज दिलं, रोजच्या वापराशी जुळणाऱ्या प्रमाणात. आतड्यातल्या जिवाणूंमध्ये लक्षात घेण्याजोगा बदल दिसला नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ४६ निरोगी, सडपातळ माणसांवर प्रयोग झाला. त्यातल्या सॅकरिन घेणाऱ्यांनी ते दोन आठवडे मोठ्या प्रमाणात घेतलं. ना जिवाणू बदलले, ना साखर पचवण्याची क्षमता.

हे वाचून वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे पहिले लोक खोटं बोलत होते?’ नाही. प्रयोग छोटे होते, माणसं वेगळी होती, मात्रा वेगळ्या होत्या. सात माणसांत चार हा आकडा मोठा वाटतो, पण वेगळी सात माणसं असती तर तो एक किंवा सहाही आला असता. आणि दोन आठवड्यांत काही दिसलं नाही, याचा अर्थ दहा वर्षांत काहीच होणार नाही असाही होत नाही. दोन्ही बाजूंनी जपून बोलावं लागतं.

एकशे वीस माणसं

२०२२ साली वाइझमनच्याच गटाने ‘सेल’ या नियतकालिकात मोठा प्रयोग छापला. साखरपर्याय अजिबात न घेणारी माणसं त्यांना हवी होती. ती मिळवायला तेराशेहून अधिक जणांची चौकशी करावी लागली, कारण आजकाल टूथपेस्टपासून च्युइंगमपर्यंत हे पदार्थ सगळीकडे आहेत. शेवटी १२० जण निवडले गेले आणि त्यांचे सहा गट केले. चार गटांना दोन आठवडे रोज सॅकरिन, सुक्रालोज, अस्पार्टेम किंवा स्टीव्हियाच्या पुड्या दिल्या, मान्य मर्यादेच्या आत.

पाचव्या गटाला नुसतं ग्लुकोज दिलं. का, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावं. पुडीत खरा गोड पदार्थ चिमूटभरच असतो. बाकी भर घातलेली असते, आणि इथे ती भर ग्लुकोजची होती. उद्या कुणी म्हणेल, ‘बदल झाला तो ग्लुकोजमुळे.’ तो आक्षेप आधीच मिटावा म्हणून हा पाचवा गट. सहाव्या गटाने काहीच घेतलं नाही.

निकाल असे आले. चारही साखरपर्यायांनी तोंडातल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंमध्ये काही ना काही बदल केला, प्रत्येकाने आपल्या पद्धतीने. पण रक्तातल्या साखरेवरचा परिणाम सरासरीने फक्त सॅकरिन आणि सुक्रालोज या दोघांच्या गटांत दिसला. आणि या गटांतही माणसागणिक फरक होता: कुणात ठळक, कुणात नावापुरता. मग पुन्हा विरजणाची परीक्षा. ज्यांच्यावर ठळक परिणाम झाला त्यांचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले, तेव्हा उंदरांमध्येही साखरेचे चढउतार बऱ्याच अंशी त्या माणसांसारखेच दिसले.

म्हणजे आज इतकं म्हणता येतं: हे पदार्थ पोटातून मुकाट्याने निघून जातात ही जुनी समजूत सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. पण ‘जंतू मारतात’ हेही बरोबर नाही. बदलतात असं म्हणा. आणि तेही कोणता पदार्थ, किती, आणि कुणाचं आतडं यावर अवलंबून.

मग बाबांच्या चहात काय?

हे सगळं मी बाबांपुढे मांडलं. ते निवृत्त शिक्षक आहेत, शेवटपर्यंत ऐकून घेतात. मग म्हणाले, ‘ठीक आहे, पण मी चहात काय घालू ते सांग.’

प्रश्न रास्त होता. प्रयोगशाळेतला प्रश्न असतो, ‘काही बदल होतो का?’ घरातला प्रश्न असतो, ‘याऐवजी काय?’ बाबांनी गोळीऐवजी काही न घालता चहा घेतला असता तर गोष्ट वेगळी. त्यांनी आठ चमचे साखर घातली. मधुमेही माणसाला साखरेने होणारा त्रास हा संशयाचा विषय नाही. त्यांच्याच रिपोर्टात तो लिहिलेला होता.

मी त्यांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरपर्यायांवर विसंबू नका असा सल्ला दिला. पण आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही, असंही त्यातच म्हटलं आहे. मोबाइलवरच्या निरोपात हे दुसरं वाक्य नव्हतं. दोन, २०२४ साली चेन्नईच्या संशोधकांनी १७९ भारतीय मधुमेही व्यक्तींवर बारा आठवड्यांचा प्रयोग छापला. काहींनी चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घेतलं. त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरीत दुसऱ्या गटापेक्षा मोठा फरक पडला नाही, ती बिघडलीही नाही. वजन आणि कमरेचा घेर थोडा कमी झाला. हा प्रयोग रक्ताबद्दल आहे, जिवाणूंबद्दल नाही. पण तो आपल्यासारख्यांच्या चहाच्या कपातला आहे.

आत्या मध्येच म्हणाली, ‘मग गूळ घाला की दादा, तो तर चांगला.’ गुळात थोडे क्षार असतात हे खरं, पण बाकी तो मुख्यतः साखरच. रक्ताला त्याच्या रंगाशी देणंघेणं नसतं. खडीसाखरेचंही तेच.

शेवटी बाबांच्या डॉक्टरांना विचारून आम्ही असं ठरवलं. चार चहांचे दोन झाले. त्यात एकेक गोळी. दोन महिन्यांनी एकीची अर्धी. जिभेला गोडाची सवय लागते तशी ती कमीही होते, फक्त हळूहळू. आणि विरजणासाठी रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, कांदा, ताक. जिवाणूंची एवढी काळजी आहे तर त्यांना जेवायलाही घालायला हवं ना, असं मी म्हटलं, तेव्हा बाबा हसले. कुंदा सणासुदीला, एक चमचा, साखरेचाच. बिनसाखरेचा कुंदा त्यांना मान्य नाही, आणि बेळगावच्या माणसाशी त्या बाबतीत मी वाद घालत नाही.

मागच्या महिन्यात आकडा ७.३ आला. गोळीमुळे, भाकरीमुळे की संध्याकाळच्या फिरण्यामुळे, ते मला सांगता येणार नाही. एका माणसाचा प्रयोग हा प्रयोग नसतो. पण सकाळी ते शांतपणे चहा पितात आणि मोबाइलवरचा निरोप आला की आधी मला विचारतात, ‘कोणता पदार्थ, किती आणि कुणावर पाहिलंय?’ मला एवढं पुरे आहे.

तुम्ही हे का वाचावं

तुम्ही अठरा-वीस वर्षांचे. मधुमेह तुमच्या आजीआजोबांचा, असं तुम्हाला वाटेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. सगळ्यांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात साखरेची डबी आणि गोळ्यांची डबी शेजारी शेजारी असणार. घरातल्या मोठ्यांना मोबाइलवर येणारा निरोप तुम्हालाच वाचून दाखवावा लागणार. शिवाय कँटीनमधलं ‘झिरो’ पेय तुम्ही मधुमेह नसतानाही पिता, ते वेगळंच.

पुढच्या गुरुवारसाठी

१. घरातली किंवा दुकानातली बिनसाखरेची एक वस्तू उलटी करून पाहा. पाकिटावर कधी नाव असतं, कधी नुसता क्रमांक. ९५० म्हणजे अॅसेसल्फेम, ९५१ अस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया, ४२० सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल. काय सापडलं ते वहीत टिपून आणा.

२. सापडलेला पदार्थ पोटात कुठवर पोचतो, ते या लेखावरून एका वाक्यात लिहा.

३. वाइझमनच्या प्रयोगातल्या ग्लुकोजच्या गटाचं काम काय होतं? विज्ञान शाखेत नसलेल्या मैत्रिणीला समजेल अशा मराठीत लिहा. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आवर्जून सोडवावा.

४. ‘जंतू’, ‘जिवाणू’ आणि ‘विरजण’ या तीन शब्दांनी एकाच गोष्टीबद्दलचं आपलं मत कसं बदलतं, यावर पाच-सहा ओळी. चांगल्या ओळी पुढच्या अंकात घेऊ, असं संपादकांनी कबूल केलं आहे.

आणि हो, बैठकीला खाऊ आणणार असाल तर आणा. फक्त आधी डबा उलटा करून पाहा.